दोरीवरचे चिमटे

फॉर्म भरला थोरलीने. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात एकतीस वर्षं पुस्तकं शिवून निवृत्त झाल्यावर तिने परदेशातल्या एका मुलांच्या केंद्रात दोन महिने बिनपगारी काम करायचं ठरवलं. मुलांना छोट्या वह्या शिवायला शिकवायच्या, एवढीच तिची हौस. सगळं पक्कं झालं आणि धाकटी बहीण म्हणाली, "ताई, मीही येते गं. घरी बसून कंटाळा आलाय." झालंच मग. लहानपणी थोरलीला नवा फ्रॉक आणला की धाकटी भोकाड पसरायची आणि दुसरा फ्रॉक यायचा. पन्नाशी उलटली तरी तेच.

केंद्राची एक रीत होती. दाराशी दोन दोऱ्या बांधलेल्या, एक थोरलीची, एक धाकटीची. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक चिमटा, कपडे वाळत घालायचा असतो तसला. सकाळी आल्यावर मुलाने आपला चिमटा हव्या त्या दोरीला लावायचा. जेवणानंतर चिमटा जिच्या दोरीवर, तिच्याकडे जायचं. त्यावर वाद नाही, रडारड नाही.

धाकटीला ना तिथली भाषा येत होती, ना कुठली कला. ती अंगणात बेडूकउड्या मारायची आणि मुद्दाम धपकन पडायची. तिच्या दोरीला वीस-एकवीस चिमटे. थोरलीच्या दोरीला चार. थोरली रोज मोजायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाबांच्या मांडीवर कोण बसायचं? धाकटी. पाहुणे गाणं कोणाला म्हणायला सांगायचे? धाकटीला. आता इतक्या लांब येऊनही तेच, म्हणजे हद्द झाली.

त्या चारांत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी रोज असायची. बाकीची तीन दर दिवशी वेगळी. ही मात्र थोरलीला खेटून बसायची, सुईत दोरा ओवून घ्यायची आणि शिवून झालेल्या वहीचा वास घ्यायची. थोरली तिला दोरा ओवून द्यायची खरी, पण कान अंगणातल्या हसण्याकडे.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सगळे जेवायला गेले असताना थोरलीने इकडेतिकडे पाहिलं आणि धाकटीच्या दोरीवरचे सहा चिमटे काढून आपल्या दोरीला लावले. मुलं आली, चिमटे पाहून जराशी गोंधळली आणि नियम म्हणून मुकाट टेबलाशी बसली. दहा मुलं. थोरली नुसती फुलून गेली. नव्यांना खूश ठेवायचं म्हणून रंगीत कागद त्यांना, पुढची जागा त्यांना. दात पडलेलीने टोकाला बसून दोनदा सुई पुढे केली. थोरलीने तिला हातानेच थांब म्हटलं. ती थांबली. वेळ संपली तेव्हाही तिच्या सुईत दोरा नव्हता.

संध्याकाळी खोलीवर धाकटी पाय चेपत बसली होती. "ताई, आज तुझ्याकडे दहा कशी गं झाली?"

"आवडलं असेल त्यांना. तुझं काय जातंय?"

"माझं काय जाणार? पण मेळच बसेना. रोज तीनच तर लावते मी."

थोरलीच्या हातातली साडी अर्धी घडी होऊन राहिली. "काय लावतेस?"

"चिमटे. तुझी दोरी तशी बघवत नाही मला. रागावू नकोस हं. ती दात पडलेली आहे ना, ती तेवढी आपली आपण येते. तिच्या चिमट्याला मी कधी हात लावला नाही."

धाकटीने चोरी पकडून चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. ही दया थोरलीला इतकी झोंबली की ती जेवलीही नाही.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली. सुईत दोरा ओवून आणला होता. दात पडलेली आली. तिने थोरलीकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, टाचा उंचावल्या आणि आपला चिमटा धाकटीच्या दोरीला लावला. मग ती अंगणात पळाली.

थोरलीचा हात त्या चिमट्यापर्यंत गेला. मागे धाकटी येऊन उभी होती.

"ताई, लावू का तुझ्याकडे?"

"राहू दे," थोरली म्हणाली. "तिचा तिने लावलाय."