खांबाला हात लावायचा नाही

एनिड थर्टल लग्न होऊन आली तेव्हा त्या घराला कुणी विचारत नव्हतं. चारशे वर्षांचं जुनं घर. ओकच्या लाकडाचा सांगाडा, वर गवताचं छप्पर, आत सदा ओल. पुढे गावातून रुंद रस्ता काढायचं ठरलं आणि गल्लीतली सगळी घरं पाडायला निघाली. एनिड सरळ यंत्रासमोर खुर्ची टाकून विणत बसली. म्हणाली, "आधी मला उचला." रस्ता दुसरीकडून गेला, घरं सरकारी संरक्षणाखाली आली. जत्रेत पाद्रीबाबांनी तिचं जाहीर कौतुक केलं, तेव्हा तिचा नवरा विल्फ लाजून बिअरच्या तंबूत पळाला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा अबोल गडी तो.

म्हातारपणी विल्फला अर्धांगवायू झाला. इस्पितळातून चाकांच्या खुर्चीत घरी आला, तो न्हाणीघराच्या दारातच अडला. एकीकडे ओकचा खांब, दुसरीकडे जुन्या भट्टीची भिंत. खुर्ची चार बोटांनी अडत होती.

जुन्या घरांच्या जतन खात्याची मिस रडॉक पाहायला आली. पोरगी मनाने चांगली होती.

"खांब नाही कापता येणार, थर्टलबाई."

"मग भट्टीची भिंत?"

"ती तर खांबाहून जुनी."

"मागे एखादी खोली काढली तर?"

"मागची बाजूही संरक्षित आहे हो." मग काहीतरी बरं बोलावं म्हणून ती म्हणाली, "हे घर तुम्हीच वाचवलंत ना? ऑफिसात अजून सांगतात."

एनिडने चहाचे कप उचलले.

शेजारचा डेंझिल करवत घेऊन आला. "कोण बघतंय गं? खांब जरा तासला तर काय इंग्लंड बुडणार आहे?"

एनिडने करवत घेतली, लाकडाला लावलीसुद्धा. पलंगावरून विल्फ धडपडत ओरडला, "नको! वरचं सगळं... त्याच्यावरच आहे. तुझ्या डोक्यात पडेल." जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. तिने करवत परत दिली.

मग ती त्याला पलंगावरच पुसून काढू लागली. एके सकाळी त्याला वळवताना तिचा तोल गेला आणि दोघंही खाली आली. टपालवाली येईपर्यंत तशीच पडून होती. विल्फ हसवायला बघत होता, ती रडत होती. त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही. विल्फला शहरातल्या वृद्धाश्रमात हलवलं.

उन्हाळ्यात पर्यटक येतात, तिच्या दारासमोर फोटो काढतात. "किती नशीबवान तुम्ही!" एक बाई म्हणाली. एनिडची बस चुकत होती. ती "हो, हो" म्हणत निघाली.

वृद्धाश्रमात विल्फ खिडकीशी बसलेला होता. कोटाची बटणं कुणीतरी वरखाली लावली होती. एनिड ती सोडून नीट लावू लागली, तसं त्याने विचारलं, "न्हाणीघराचं दार... झालं?"

"होतंय. सुतार शोधतेय."

"चांगला बघ," तो म्हणाला.

"बघते," ती म्हणाली आणि पुढचं बटण लावू लागली.