गोधडीसाठी थांबलेला खोका

इथे परदेशात, वेस्टमीडच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करणारी मैत्रीण फिलिपिनो. तिच्या ब्लॅकटाउनच्या घरी हॉलमध्ये कायम एक मोठा खोका उघडा असायचा. साबण, कॉफी, टॉवेल, चॉकलेटं, सेलमध्ये मिळेल ते महिनोन्‌महिने त्यात पडत राहायचं, आणि भरला की बोटीने गावी, आईकडे. तिच्या ओळखीतल्या सगळ्याच घरांतून असे खोके जायचे. पोचायला दोन महिने लागायचे. झाकण निघालं की आई आधी वाकून आतला वास घ्यायची, म्हणे लेकीच्या घराचा.

त्या वर्षी आईने अंथरूण धरलं. ही एकदा जाऊन आली होती, रजा संपली होती. निदान खोका तरी वेळेत पोचावा, एवढीच तिची धडपड होती. त्यात मी तडमडले. वर्षभर तिने दिलेल्या नूडल्सचे डबे मी रिकामेच परत केले होते आणि आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत. म्हटलं, आठवडाभर थांब, तुझ्या आईसाठी मऊ सुती गोधडी शिवते.

आठवड्याचे चार आठवडे झाले. एका बाजूचे टाके वाकडे आले म्हणून मी ती अख्खी बाजू उसवली. घाई कुणाला होती, तर तिला. मला कौतुक हवं होतं, दुसरं काय. मी सॉरी म्हटलं की ती "नो वरीज" म्हणायची, आणि मी बिनधास्त पुढचा टाका घालायचे.

शेवटी गोधडी आत गेली. तिच्या चर्चमधल्या दोघी आल्या, एक झाकणावर बसली, दुसरीने टेप लावली. खोका पोचायच्या दहा दिवस आधी आई गेली.

अंत्यविधीहून ती परतली तेव्हा मी भेटायला गेले. माझ्यामुळे उशीर झाला, हे एकदाचं बोलून टाकलं. वाटलं होतं, ती नाही म्हणेल. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

मग म्हणाली, "आई रोज फोनवर विचारायची, खोका कुठवर आला? मी सांगायचे, बोटीत आहे. तेव्हा तो इथेच होता, या हॉलमध्ये."