दुसऱ्या खेपेचं रक्त

मी चौथीपर्यंत शिकलो. शुद्धलेखन बघू नका.

साठ सालाच्या पुढं आमची पोरगी झाली. पिवळी होती, अंगावर जांभळे ठिपके, आणि कानाशी थाळी वाजवली तरी दचकत नव्हती. माझ्या आईनं निकाल लगेच दिला. ग्रहणात सुनेनं सुई धरली होती. दुसरं मूलही असंच होईल, हिला माहेरी घाल, दुसरी कर. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तेव्हा मला ते शहाणपण वाटायचं.

नंदुरबारला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं मायलेकींचं रक्त घेतलं, बर्फात घालून रेल्वेनं मुंबईला पाठवलं. उत्तर आल्यावर म्हणाला, एका रोगाशी लढायचं बळ दोघींच्या रक्तात सापडलंय.

"मग पोरीला रोग आहे?"

"तसं नाही दादा. आईचं बळ बाळाला पोटातच मिळतं. वर्षभरात ते ओसरतं. वर्षानं पुन्हा रक्त घेऊ. गेलेलं असलं तर ते आईचं होतं. टिकलं असलं तर पोरीनं स्वतः तयार केलं, म्हणजे रोग तिला होऊन गेला."

मला काही समजलं नाही. बायको म्हणाली, "सरकीनं बी आसंच शे. पहिला दोन पानं गळी पडतस, मंग तिना सोताना येतस."

डॉक्टरला आमची बोली येत नव्हती. मी सांगितलं, सरकीची पहिली दोन जाड पानं बियातलीच असतात, ती गळतात, मग झाडाची स्वतःची फुटतात. तो म्हणाला, "हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही."

वर्षभर आई विचारायची, हिला कधी पोचवतो? मी म्हणायचो, रक्ताचं येऊ दे.

दुसऱ्या खेपेला बळ टिकलेलं निघालं. वाढलंही होतं. डॉक्टर म्हणाला, जन्मतःच पिवळी होती, म्हणजे बहुतेक पोटातच लागण झाली. ग्रहणाचा काही संबंध नाही. हा रोग लहान मुलांच्या लाळेत असतो, मूल मात्र धडधाकट दिसतं. "दिवस गेले तेव्हा घरात कुणी लहान मूल होतं का?"

होतं. माझ्या बहिणीचा दीड वर्षाचा मुलगा दोन महिने राहिला होता. तो भाकरी चावायचा आणि ताटात थुंकायचा. बायको ते गायीला घालायला उचलायची. मी म्हणायचो, "फेकू नको, खाई टाक." ती खायची.

डॉक्टरनं विचारलं तेव्हा ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, आठवत नाही.

बैलगाडीतून घरी आलो. आई ओट्यावरच होती.

"काय म्हने रे डाक्टर?"

"त्याले बी समजनं नही."

बायको पोरीचं टोपरं सोडत होती. सोडून झाल्यावर ती चुलीकडं गेली. तिला मी माहेरी घातलं नाही, एवढं केलं. पुढं दोन मुलगे झाले, चांगले झाले. आई म्हणाली, नवस पावला. आई असेपर्यंत दर ग्रहणाला तिनं सुनेला हात मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसवलं, पोटुशी असो नसो. बायको बसायची. मी शेतात जायचो. ग्रहणात शेतात काही काम नसतं.

बायको गेली त्याला आता वर्ष होईल. पोरगी माझ्याजवळ राहते. ऐकू येत नाही, पण वाचते. बायकोनं पिठात बोट फिरवून तिला अक्षरं शिकवली होती. जे सांगायचं ते मला हातवाऱ्यांनी जमेना, म्हणून हे लिहिलं आणि तिच्या हातात दिलं.

तिनं उभ्यानंच वाचलं. आधी पेन्सिलीनं माझ्या चुका दुरुस्त केल्या, बऱ्याच होत्या. मग खाली लिहिलं: "आईनं मला कधीच सांगितलं होतं. तुम्ही कधी सांगता, ते ती बघत होती."

तिची ही ओळ मी तशीच ठेवली आहे.