सोंडेची जीप आणि कुंदाताईचं ‘नाय’

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला पाइप दाखवत होतो. गिऱ्हाईक ठाण्याचं, नवी कोरी फोर बाय फोर जीप घेऊन तानशाच्या बाजूला चिखलात घालायला निघालेलं, आणि त्याचा प्रश्न नेहमीचाच : “काका, हा स्नॉर्केल खरंच कामाचा आहे की नुसता शो?” शहापूरला हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. इंजिनाला हवा लागते, ती बॉनेटच्या आतून न घेता छताच्या उंचीवरून घेतली की पाणी आत जात नाही, धूळही कमी जाते... एवढ्यात मोबाइलवर भावोजींचं नाव दिसलं. “अनिल, कुंदा गेली,” ते म्हणाले. मी विचारलं, “कुठे?” कारण ताई सतत कुठे ना कुठे गेलेलीच असायची. भावोजींनी पुन्हा नुसतं “अनिल” म्हटलं. मग मला कळलं. दुपारी जेवून ओटीवर बसली होती, तशीच भिंतीला टेकून... हृदय बंद पडलं होतं. ते गिऱ्हाईक बिचारं पाइप हातात धरून उभंच राहिलं होतं.

कुंदाताई माझी मोठी बहीण, आणि गुरांची डॉक्टर. आमचं घर खर्डीजवळचं, भातशेतीवाल्यांचं. दारात गुरं होती, पण गुरांची डॉक्टर व्हायचं म्हणणारी मुलगी गावाने पाहिली नव्हती. आईला वाटायचं, माणसांची डॉक्टर झाली असती तर निदान चारचौघांत सांगायला बरं. ताई म्हणायची, “माणसं कुठं दुखतं ते नीट सांगत नायत गो आई. म्हैस खोटं बोलत नाय.” लग्न होऊन ती मुरबाडला गेली. भावोजी तिथल्या शाळेत शिक्षक. इतरांच्या बायका दागिना मागतात, आमच्या हिने जुनी जीप मागितली, असं ते येईल त्याला कौतुकाने सांगत. डोंगराखालच्या वाड्यांवर फिरायला तिला ती हवी होती. ताई बुटकी आणि जीप उंच. पाठीमागे उशी ठेवून, स्टिअरिंगला जवळजवळ छाती लावून ती गाडी हाकायची, त्यामुळे समोरून येणाऱ्याला वाटायचं की गाडी रिकामीच येते आहे. हात मात्र तिच्या अंगाच्या मानाने लांब आणि सडपातळ होते. तो हात म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत गेला की तिचा चेहरा बदलायचा, शेजारच्या खोलीतलं बोलणं कान देऊन ऐकावं तसा व्हायचा. तेव्हा तिच्याकडे बघताना मला थोडी भीतीच वाटायची, देवळात एकटं असताना वाटते तशी.

जीपला पाइप बसवून घे, म्हणून मी तिच्या मागे कित्येक वर्षं लागलो होतो. ती दुकानात आली की आमचं जुंपायचं. “अन्या, सरळ सांग,” ती म्हणायची, “ओहोळ लागला की मी आधी उतरून चालत जाते. मांडीच्या वर पाणी आसलं तर गाडी घालतच नाय. आणि मांडीएवढ्या पाण्याला तुझा पायप कशाला?” मग मी धुळीवर यायचो. उन्हाळ्यात वाड्यांकडच्या रस्त्यांवर पुढची गाडी दिसत नाही एवढी धूळ असते, ते तिलाही ठाऊक होतं. “धुळीला कागदी फिल्टर हाय ना. झटकायचा, मळला की बदलायचा. तुझी गिऱ्हाइकं तो काढून कापडी लावतात, गाडी जोरात आवाज करते म्हणून. हवा जास्त जाते म्हणे. हवेबरोबर माती पण जास्त जाते, ते सांगतोस का त्यांना?” हे सगळं भर दुकानात, त्याच गिऱ्हाइकांच्या देखत. माझ्या धंद्याचे तीनतेरा वाजवायला दुसरं कुणी लागत नव्हतं. शेवटी तिच्या एका वाढदिवसाला मी न विचारताच पाइप बसवून टाकला. त्यासाठी गाडीच्या पत्र्याला मोठं भोक पाडावं लागतं. रोज सुया आणि सुऱ्या चालवणारी ही बाई त्या वेळी उठून आत गेली, हिच्या अंगाला भोक पाडताना मला बघवत नाय म्हणाली. वाड्यांवर त्या काळ्या पाइपाला लगेच नाव मिळालं, सोंड. आणि ताईची जीप झाली गणपती.

या सोंडेने एकदा आपलं काम चोख बजावलं, हे दुकानदार म्हणून सांगितलंच पाहिजे. रस्त्याच्या कामासाठी मोरीजवळ कुणीतरी खड्डा खणून ठेवला होता. त्यात पाणी साचून वरून सगळं सपाट दिसत होतं आणि ताईची जीप बॉनेट बुडेपर्यंत त्यात गेली. साध्या गाडीचं इंजिन पाणी ओढून तिथेच बसलं असतं. हिची जीप घोगऱ्या आवाजात छतावरून श्वास घेत मागे हटली आणि बाहेर आली. ताईने तिथूनच फोन केला, “अन्या, मान्य. पायपाने गाडी वाचवली.” मी दुकानात पेढे वाटले. पण पुढच्या भेटीत ती म्हणाली, “एक मात्र वाईट झालं. आधी पाणी ‘नाय’ म्हणायचं. आता मला म्हणायला लागतं.” मला तेव्हा ते उगाच काढलेलं खुसपट वाटलं.

मग श्रावणातला तो रविवार आला. दुकान बंद होतं आणि मी मुरबाडला ताईकडे जेवायला गेलो होतो. ताट वाढत असतानाच पांडूचा फोन आला. पांडू आणि त्याची बायको सोनीबाय डोंगराखालच्या एका वाडीत राहतात. थोडं भात, थोडी नाचणी, बाकी जंगलात मिळेल ते. त्यांची एकुलती एक म्हैस सकाळपासून विताना अडली होती, आणि घरात वर्षभर जे काही चार पैसे फिरत ते तिच्याच दुधातून. आम्ही हात धुऊन निघालो. पाऊस नुकताच थांबला होता, पण वरच्या डोंगरावर तो धो धो कोसळत असणार, कारण वाडीच्या अलीकडचा ओहोळ दोन्ही काठ खात चालला होता. पलीकडे चढावर पांडूचं घर दिसत होतं. ताई नेहमीप्रमाणे काठी घेऊन उतरली आणि पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याला लागलं आणि काठी वाकायला लागली, तशी ती परत आली.

पलीकडे पांडू उभा होता. पाण्याच्या आवाजात शब्द पोचत नव्हते, म्हणून त्याने उजवा हात नाकासमोर धरून सोंडेसारखा वर उचलला आणि जीपकडे बोट दाखवलं. सोंड हाय ना गाडीला, मग या की. पुन्हा पुन्हा तो हात वर करत होता. मलाही वाटत होतं की पाणी बॉनेटच्या खाली आहे, गाडी निघून जाईल. मी तसं बोललोही. ताई म्हणाली, “इंजिनाला श्वास मिळेल रे. टायरला जमीन कोण देईल?” आणि तिने पांडूकडे बघून मान हलवली. नाय. पांडूने खाली बसून हात जोडले. तिने पुन्हा मान हलवली. मी तिच्या शेजारीच उभा होतो. ज्याने तिला हाक मारली आणि ती आली नाही असं कधी झालं नव्हतं, त्याची म्हैस मरत असताना त्याला नाही म्हणायचं, आणि तेही गाडीला सोंड असताना... आपली बहीण केवढी आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

नाही म्हणून ती घरी मात्र निघाली नाही. म्हैस खाली काठावर आणा, अशी खूण तिने केली. चालवत, थांबवत, ढकलत नवरा-बायकोंनी ती आणली. मग ताईने सोनीबायकडे बोट दाखवलं आणि हवेत साबण लावून खांद्यापर्यंत हात धुवून दाखवले. सोनीबायने धुतले. ताईने हात पुढे घातल्याची खूण केली, सोनीबायने हात म्हशीत घातला. थोड्या वेळाने तिने दुसऱ्या हाताची दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन पाय लागतात. मग आपल्या डोक्यावर हात ठेवून मान हलवली, म्हणजे डोकं लागत नाही. रेडकाची मान आत मागे वळली होती. ताई माझ्याकडे वळली. “अन्या, खाली बस. तू रेडकू.”

मी चिखलात गुडघ्यांवर बसलो. तिने माझे दोन्ही हात पुढे ताणले, ते पुढचे पाय. माझी मान वळवून हनुवटी खांद्याला टेकवली. मग पलीकडून नीट दिसेल अशी बाजूला उभी राहून तिने माझ्या छातीवर तळवा ठेवला आणि मला मागे रेटलं. सोनीबायनेही रेटलं. ताईचा हात माझ्या मानेवरून सरकत गालावर आला, दोन बोटं जबड्याखाली अडकली, आणि सावकाश, फार सावकाश तिने माझं तोंड समोर वळवलं. मग पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा ते आठवत नाही, मान मात्र आठवडाभर आखडली होती. दर वेळी तोंड समोर आलं की मला पलीकडचं दिसायचं. सोनीबाय म्हशीकडे बघतच नव्हती. तिची नजर ताईच्या हातांवर होती आणि मधे एवढं पाणी धावत असताना दोघींचे हात एकदमच हलत होते. चमत्कार मी पुष्कळ ऐकले आहेत, डोळ्यांनी पाहिला तो एवढाच. अचानक सोनीबायचा चेहरा उजळला. डोकं सापडलं होतं, वळलं होतं. ताईने ओढायची खूण केली, पांडूने दोर लावून ओढलं. रेडकू मेलेलंच निघालं, ते ताईने आधीच ओळखलं होतं. म्हैस मात्र थोड्या वेळाने उठून उभी राहिली. जीपमध्ये बसल्यावर ताई स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “तुझं डोकं जाम जड हाय रे.”

पुढे त्या आणि आसपासच्या वाड्यांवर अडलेल्या गुराला पहिला हात सोनीबायचाच लागायला लागला. ताईच्या दहाव्याला ती चालत आणि मिळेल त्या गाडीने मुरबाडला आली, ओटीच्या कोपऱ्यात बसून राहिली आणि संध्याकाळी परत गेली. ठाण्याचं ते गिऱ्हाईकही दुकानात परत आलं. मी पाइप विकला. खड्ड्यात इंजिन वाचवतो, पण एकही जोड सैल राहिला तर शोभेचाच, हे सांगितलं. आणि सांगितलं की वाहत्या पाण्यासमोर आता ‘नाय’ तुम्हालाच म्हणावं लागेल. तो हसला. त्याला तो विनोद वाटला असावा.

मागच्या आठवड्यात मी भावोजींकडे असताना ताईचा मोबाइल वाजला. भावोजींनी तो माझ्या हातात दिला. पांडू होता. म्हैस अडली होती. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर देतो. “डाक्टर निगालेत, पन टाइम लागल. सोनीचा हात मोडलाय, पिलास्तर हाय. सून हात घालील. तुमी या.” मी म्हटलं, “मी येऊन काय करू? मी दुकानदार माणूस.” तो मागे वळून बायकोशी काहीतरी बोलला. मग म्हणाला, “सोनी म्हनते, रेडकू लागल.”

मी ताईची जीप काढली. ओहोळात उतरून आधी चालत गेलो, घोट्याएवढंच पाणी होतं. रेडकू जिवंत निघालं हे आताच सांगून टाकतो, कारण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. गोठ्यात सून म्हशीमागे उभी होती, हात आत, भेदरलेली. सोनीबाय तिच्याजवळ गेली नाही. ती गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला भिंतीपाशी उभी राहिली आणि तिने मला तिथे बसायला सांगितलं. मी म्हटलं, जवळ जाऊन दाखव की. “नाय. बाईंनी मला लांबूनच शिकवला,” ती म्हणाली, “लांबूनच समदा दिसतो.” मी गुडघ्यांवर बसलो, हात पुढे ताणले, मान वळवली. तिच्या धड असलेल्या हाताचा तळवा माझ्या छातीवर आला आणि त्याने मला मागे रेटलं. मग तो मानेवरून सरकत गालावर आला आणि दोन बोटं जबड्याखाली अडकली, नेमकी त्याच जागी, तेवढ्याच जोराने. सोनीबायचा हात लहान आणि खरखरीत आहे, ताईच्या हाताशी त्याचं काही साम्य नाही, तरी मला ताईने धरलं होतं. तिने माझं तोंड सावकाश समोर वळवलं. मधे चार पावलं कोरडी जमीन होती आणि पलीकडे सुनेची नजर त्या बोटांवर खिळली होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण माझे हात रेडकाचे पाय होते, पुसणार कशाने...