एकाच तासाचे दोन विषय

नववीत विषय निवडायचे होते आणि त्या वर्षी आमच्या शाळेच्या वेळापत्रकात संस्कृत आणि उच्च गणित एकाच तासाला आलं. दोन्हींपैकी एकच घेता येणार होतं. इतर मुलांना त्याचं काही वाटलं नाही. माझा मात्र जीव टांगणीला लागला, कारण शाळेत संस्कृत शिकवायचे ते माझे वडील.

मला इंजिनियर व्हायचं होतं. पनवेलला रेल्वे येणार म्हणून मोजणीची माणसं खाडीकडच्या शेतांतून फिरत होती. त्यांच्यातल्या एका तरुण इंजिनियरने मला दुर्बिणीतून पाहू दिलं. पलीकडच्या बांधावर धरलेली पट्टी आत उलटी दिसत होती. हे शिकायला काय लागतं, असं मी विचारलं.

"गणित," तो म्हणाला. "शाळेत उच्च गणित घेतलं नाहीस तर पुढे कुणी दारात उभं करणार नाही."

मुलं कमी पडली तर संस्कृतचा वर्ग बंद करू, असं मुख्याध्यापकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. संस्कृत घेणारे मोजकेच होते. त्यात माझा एक मित्र होता, जासईकडचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. शाळेसाठी पनवेलला मामाकडे राहायचा. वडिलांचा तो लाडका विद्यार्थी. माझा बेत सर्वांत आधी मी त्याला सांगितला.

"तू नाय आलास तं वर्ग चालाचा नाय," तो म्हणाला. "पन तुला इंजिनेर व्हयाचा हाय ना? मंग जा."

त्याच्या त्या 'जा'ने मला आणखीच कसंसं झालं. घरी मी अर्ध्या ताटावरून उठू लागलो. पोट बिघडलंय म्हणून आई ओव्याचं पाणी देत राहिली. शेवटी शनिवारी सकाळच्या शाळेला जाताना, तळ्याच्या काठाने वडिलांच्या मागून चालत मी बोलून टाकलं.

"अण्णा, मी उच्च गणित घ्यावं म्हणतो."

"ठरलंय तुझं?"

"हो. इंजिनियरिंगला तेच लागतं."

"मग तू विचारत नाहीस, सांगतो आहेस," ते म्हणाले. आवाज चढला नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

वर्ग बंद झाला. वडिलांना पाचवीचं मराठी आणि भूगोल मिळाला. "आता दिवस आमच्या विषयाचे," असं गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीत हसत म्हणाले म्हणे. तेव्हापासून वडिलांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. माझा मित्र मात्र सकाळी आमच्या ओटीवर येऊ लागला. वडील त्याला संस्कृत शिकवत. तो घडाघडा रूपं म्हणायचा आणि आतल्या खोलीत माझं बीजगणित एका ओळीपुढे सरकत नसे. वर्ग तर मोडलाच, आणि आपल्याच्याने गणितही झालं नाही तर? ह्या विचाराने उदाहरण वाचतानाच मी वही मिटायचो.

सहामाहीत मी गणितात नापास झालो.

"कुठे अडतं?" वडिलांनी विचारलं.

"समीकरण मांडताच येत नाही."

त्यांनी टोपी घातली आणि "चल" म्हणाले. कुठे, ते सांगितलं नाही. आम्ही गणिताच्या सरांच्या दारात जाऊन उभे राहिलो. सर गोंधळले.

"याला तुमचा विषय शिकायचाय," वडील म्हणाले. "मला तो येत नाही. तुम्ही शिकवा."

"आत तरी या."

"त्याला घ्या. मी निघतो."

"चहा टाकलाय हो," सर म्हणाले. वडील क्षणभर घुटमळले, मग त्यांनी वहाणा काढल्या. मी दोघांच्या मधे अंग चोरून बसलो. आता काय होतं, या धास्तीने मला मान वर करवेना.

"त्या दिवशी मी जे बोललो—" सरांनी सुरुवात केली.

"राहू द्या. याचं समीकरण बघा."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी सरांकडे जाऊ लागलो. शालान्त परीक्षेत गणित चांगलं निघालं आणि पुढे पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. मित्र ओटीवरच्या अभ्यासावरच संस्कृतात उत्तम गुणांनी पास झाला, मग मुंबईला गोदीत नोकरीला लागला. संस्कृतचा वर्ग मात्र वडील निवृत्त होईपर्यंत पुन्हा भरला नाही. त्याचं त्यांना काय वाटलं, हे विचारण्याचा धीर मला कधीच झाला नाही. पुण्याला निघालो तेव्हा ते एस.टी. स्टँडवर आले होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडे पाणी उकळून पी."