रोडकाठच्या पेट्या

काकाजींनी कोमट पाण्यात प्रोपोलिसचे दहा थेंब टाकून ग्लास ओठाशी नेला होता. मी म्हणालो, "काकाजी, थांबा. पिऊ नका."

"काऊन?"

नवा माल काकाजी आधी स्वतः घेतात, मगच विकतात. हिंगणीत त्यांचं किराणा दुकान आहे, मधपेट्या हा जोडधंदा. मी चंदगडकडचा, आठवीत शाळा सोडलेला. सहा वर्षांपूर्वी ओळखपाळख नसताना त्यांनी मला कामावर ठेवलं, जेवायला घरातच बसवलं. अशा माणसाला कसं सांगायचं, की माल मी बिघडवला?

प्रोपोलिस म्हणजे मधमाशीची लांबी, सुतार लाकडाच्या फटीत भरतो तशी. झाडाच्या कोंबांवरचा चीक आणून, त्यात मेण मिसळून ती पेटीच्या फटी बुजवते. आम्ही ते फ्रेमवरून खरवडतो, फ्रीजरमध्ये कडक करतो, कचरा निवडतो, अल्कोहोलमध्ये भिजवून गाळतो. घसा धरला, तोंड आलं की लोक घेतात. कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. औषध म्हणून आम्ही विकत नाही.

आदल्या दिवशी मी वरचं नितळ काढून दोन बाटल्या भरल्या होत्या. त्या सकाळी तळाचं गाळलं, तर फडक्यावर काळा गाळ राहिला. नेहमी तपकिरी राहतो. वास ओळखीचा वाटला. चपलेला लागलेलं डांबर पेट्रोलने निघतं, म्हणून पेट्रोलचं बोट फिरवलं. लगेच विरघळला.

बोर धरणाकडच्या रस्त्याचं काम चालू होतं. सावली बघून मीच बारा पेट्या रस्त्याकाठी नेल्या होत्या. मधमाशीला चिकट काहीतरी हवं असतं. ओलं डांबर तिला आयतं मिळालं. त्यात भर म्हणजे सगळ्या पेट्यांची खरवड मी एकत्र केली होती.

हे सगळं मी सांगितलं, तसा काकाजींनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे मी आता रोड पिऊन राह्यलो होतो?"

"हो."

"दुसरी बाटली कुठी हाय?"

"आंजी गावच्या मावशींना दिली. काल. त्यांचा घसा फार दुखत होता."

"माह्या आंधी?" त्यांनी पायात चपला सरकवल्या. "गाडी काढ."

मावशी भाजीवाल्या. वावरात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या.

"वापस? काऊन वापस? माहा घसा तं आज मोकळा झाला!"

"मावशी, त्यात डांबर आहे."

"असू दे नं. मधमाशीनंच आनलं नं? मंग नैसर्गिकच हाय."

काकाजींनी हात जोडले. "बाई, डांबर का पोटात टाकाची चीज हाय?"

"गुन आला म्हून वापस मांगता. मले समजते." बाटली पदराखाली गेली.

मग मीच खाली बसलो. "चूक माझी आहे, मावशी. पेट्या चुकीच्या जागी मी ठेवल्या. काकाजींनी घ्यायच्या आधी बाटली मी दिली. माझं काम गेलं तर जाऊ दे, पण तुम्हाला काही व्हायला नको."

मावशींनी बाटली काढून माझ्या हातात दिली. "येताबरोबर असं सांगाचं नं, बाप्पा. हा बुढा निस्ता हात जोडून राह्यला."

त्यांनी पाच-पाच थेंब दोनदा घेतले होते. आम्ही त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तोंड, घसा तपासला आणि विचारलं, "दमा आहे? मधमाशी चावली की अंग सुजतं? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत?" बाटली देताना मी यातलं एकही विचारलं नव्हतं. मावशींचं तिन्हीला "नाई". काळजीचं काही दिसत नाही, गरम पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, त्रास वाटला तर लगेच या, असं ते म्हणाले.

परतताना मी गाडीवर मागूनच विचारलं, "काकाजी, मी गावाला परत जाऊ का?"

"दिवाळीत जाजो. आता त्या बारा पेट्या कोन उचलन, मी? माही कंबर पाह्यली का?"

मी मागे बसून डोळे पुसले. हवा लागत होती, असं म्हणता येईल.

तो सगळा माल आम्ही फेकला. आता प्रत्येक पेटीची खरवड वेगळी ठेवतो, आणि गिऱ्हाइकाला डॉक्टरांचे ते तीन प्रश्न विचारल्याशिवाय बाटली देत नाही. लहान लेकरू किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरकडे पाठवतो. मधमाशी फट बुजवायला माल आणते. तो पोटात जाणार आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.