काळ्या पोटाचं इंजिन

शिंपीमास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत कापडाचे तागे भिंतीला टेकून उभे असत आणि खोलीभर पसरलेल्या टेबलावर छोटी आगगाडी धावे. रूळ, सिग्नल, मधोमध एकेरी पूल. हे वेड दोघा भावांचं. थोरला इंजिनं घडवायचा, धाकटे मास्तर रूळ टाकायचे. थोरला गेल्यापासून त्याचं शेवटचं पितळी इंजिन वहिनींच्या कपाटात होतं.

आज वहिनी ते डब्यातून घेऊन आल्या होत्या.

"भावोजी, स्पष्टच बोलते. एक गृहस्थ हे काचेच्या कपाटात मांडायला मागतायत. तुमच्याकडे नीट चाललं तर इथंच राहील. पण नुसतं खरचटलं तरी परत नेणार."

"ओरखडा उठला तर माझी कात्री तुमची, वहिनी."

"त्या कात्रीनं दोरासुद्धा तुटत नाही, जाऊबाई," मास्तरांची बायको दारातून म्हणाली. "दुसरं काहीतरी मागून घ्या."

मास्तर हसले. पुलाच्या दोन्ही तोंडांशी, रुळांमध्ये, त्यांनी सेन्सर बसवले होते. सेन्सर डोळ्यांना न दिसणारा उजेड वर फेकी. गाडी वरून गेली की तो तिच्या पोटावर आपटून परत येई, टेबलाच्या कडेच्या फळीवरचा लाल दिवा लागे आणि ती पूल उतरेपर्यंत समोरच्या गाडीची वीज तुटलेली राही. आजवर एकदाही चूक झाली नव्हती.

त्यांनी मालगाडी सोडली आणि पलीकडच्या बाजूनं भावाचं इंजिन. एरवी दोनदा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारे मास्तर. पण वहिनींना शंका नको म्हणून इंजिन आधी हातानं ढकलून बघायचं त्यांनी टाळलं.

इंजिन झुळझुळ निघालं. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. इंजिन सेन्सरवरून गेलं, पुलावर चढलं.

दिवा लागला नाही.

समोरून मालगाडी पुलाच्या रोखानं येतच होती. मुख्य बटण पलीकडच्या भिंतीवर, वहिनींच्या पाठीमागे. तिथवर पोचेपर्यंत सगळा खेळ खलास.

मास्तर टेबलावर ओणवे झाले आणि इंजिन ज्यावरून गेलं होतं त्याच सेन्सरवर त्यांनी तळहात धरला. लाल दिवा पेटला. मालगाडी पुलाच्या तोंडाशी कचकन थांबली. मास्तरांनी हात हलू दिला नाही. इंजिन पूल उतरलं, शेजारच्या रुळावर वळलं आणि मालगाडीला चाटून गेल्यासारखं पुढे निघून गेलं. मग त्यांनी श्वास सोडला आणि वीज बंद केली.

"किती छान थांबवलीत हो मालगाडी!" वहिनी म्हणाल्या.

मान डोलावली असती तर विषय संपला असता.

"हातानं थांबवावी लागली, वहिनी. थांबायला हवी ती आपोआप. सेन्सरला तुमचं इंजिन दिसलंच नाही. थोडक्यात वाचलं."

वहिनींचा हात डब्याच्या झाकणाकडे गेला. मास्तरांनी इंजिन उचलून उलटं केलं. चाकं सोडून सगळं पोट काळंकुट्ट.

"हा रंग दादाचा नाही. काळा रंग सगळा उजेड गिळतो, परत काही येतच नाही."

"तो मी दिला," वहिनी हळूच म्हणाल्या. "हिरवट डाग पडत होते. वाटलं, आतून खराब व्हायला नको."

मग वहिनींनी कापायच्या टेबलावरचा पांढरा खडू उचलला.

"यानं भागेल?"

"भागेल की."

त्यांनी स्वतःच पोटावर खडू घासघासून पांढरा पट्टा ओढला. या वेळी मास्तरांनी इंजिन आधी हातानं सेन्सरवर ढकललं. दिवा लागला. मागे ओढलं, विझला. मगच वीज सोडली. इंजिन पुलावर चढलं, दिवा पेटला, आणि मालगाडी पलीकडे शहाण्यासारखी ताटकळत उभी राहिली.

वहिनींनी रिकामा डबा जावेच्या हातात दिला.

"घे गं. याच्यात बटणं ठेव."